भूमध्य समुद्र आणि नाकातली काडी

नियमांच्या बाबतीत मला गारद करणारा माणूस अजून अमरावती विभागात जन्माला यायचा आहे! हे मी नाही म्हणत, आमचं अख्खं ऑफिस म्हणायचं. मी धर्मपाल खंडारे, निवृत्त कार्यालय अधीक्षक. शासनाचा निर्णय निघाला, त्यावर शुद्धिपत्रक निघालं, शुद्धिपत्रकावर स्पष्टीकरण निघालं आणि साहेबांचं डोकं गरगरायला लागलं, की शिपाई धावत यायचा, "खंडारे साहेब, बलावलं!" मी जायचो, चष्मा कपाळावर चढवायचो आणि कागद खालून वर वाचायचो. सरकारी कागद नेहमी खालूनच वाचावा. वर सगळा गोडवा असतो, खरी भानगड शेवटच्या ओळीत दडलेली असते.

तेव्हा एका जहाज कंपनीचे नियम म्हणजे माझ्यापुढे किस झाड की पत्ती!

झालं असं, की आमची एकुलती एक लेक माधवी आणि जावई सुगत, दोघं नेदरलँडमध्ये नोकरीला. टाळेबंदीच्या थोडं आधी ती गेली आणि मग जगाचे दरवाजे बंद झाले. दोन-अडीच वर्षं आम्ही लेकीला फक्त मोबाइलच्या काचेत पाहिलं. ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, फोन संपला की पदरानं ती काच पुसायची. काचेवर काही नसायचं, तरी पुसायची.

मग २०२२चा उन्हाळा आला. साथ ओसरली होती आणि एक दिवस माधवीचा फोन आला.

"बाबा, बार्सिलोनाहून जहाज निघते. आठवडाभर समुद्रात. फ्रान्स, इटली पाहून परत. तुमची दोघांची तिकिटं काढली मी. आमी इकडून येतो, तुमी तिकडून या. आता नाही म्हणू नोका!"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ज्योत्स्नानं माझ्या हातातला फोन हिसकला.

"येतो वं माय! कधी निघाचं ते सांग!"

ज्योत्स्नानं समुद्र पाहिला नव्हता. तिचं माहेर तेल्हाऱ्याचं. काळं वावर, कपाशीची पऱ्हाटी आणि क्षितिजापर्यंत ऊन, एवढंच तिचं बालपण. नंतर संसार माझ्याशी, अमरावतीत. मी दोनदा मुंबईला गेलो होतो, दोन्ही वेळा मंत्रालयात. समुद्र तिथून जवळच आहे म्हणतात. पण कामाच्या वेळेत खिडकीबाहेर पाहायचं नाही, हा माझा नियम!

त्या दिवसापासून आमच्या घरात समुद्र शिरला. भाकर थापता थापता ज्योत्स्नाचा हात परातीवर थांबायचा.

"आवो, समुद्राले वास येते म्हणतात. कायचा येत अशीन?"

"मिठाचा."

"मिठाले कुठी वास असते जी!"

मग ती उगीच मिठाच्या बरणीचं झाकण उघडून हुंगायची. मीही, कोणी पाहत नाही असं बघून, हुंगून आलो. वास नव्हता. पण बरणीपाशी उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे निळं काहीतरी हललं खरं.

बाहेर ऊन असं, की कावळासुद्धा चपला मागेल! दुपारी आम्ही कूलरपुढे सतरंजी टाकायचो. वाळ्याचा ओला गंध, पंख्याची घरघर, तोंडावर पाण्याचे बारीक तुषार. डोळे मिटले की खोली हळूहळू डोलायला लागायची. आमचा कूलर जरा खिळखिळा आहे, त्यामुळे डोलणं अगदी हुबेहूब व्हायचं.

आणि या गोड झुल्यातच कंपनीचा पहिला मेल येऊन धडकला.

लस घेतलेली असावी. जहाजावर चढण्याआधी बहात्तर तासांच्या आत नाकातल्या स्रावाची चाचणी करावी. निकाल निगेटिव्ह असावा. नसेल, तर जहाज कोणासाठीही थांबणार नाही.

मी मेल खालून वर वाचला. म्हणजे लेक तिकडे धक्क्यावर उभी, जहाजाचा भोंगा वाजतोय आणि आम्ही इकडे नाक मुठीत धरून अमरावतीत!

"ज्योत्स्ना," मी म्हणालो, "आजपासून घरात कडक शिस्त."

त्याच दिवशी आदेश जारी केला. बाहेरचं खाणं बंद. कोणाच्या घरी जाणं बंद. कोणी आलं तर फाटकाबाहेरूनच बोलणं. घरातसुद्धा मास्क. राजकमल चौकातला गिला वडा, ज्याच्या दह्यासाठी मी निवृत्तीनंतर रोज दोन मैल चालत होतो, तो तर सक्त बंद! शेजारचे खुशालराव रोज सकाळी आमचा पेपर वाचायला येत. त्यांचा फाटकाबाहेर उभ्यानं पेपर वाचून झाला की मी तो भाकरीच्या चिमट्यानं उचलून उन्हात वाळत घालू लागलो. खुशालराव माझ्याकडे असे बघत, जसं गावातलं शहाणं माणूस अचानक झाडाशी बोलायला लागल्यावर बघतात.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"आतापर्यंत आहे," मी मास्कमधून म्हणायचो. "पुढचं सांगता येत नाही."

आता एक गोष्ट सांगायला हवी. या सफरीबद्दल आम्ही कोणालाच बोललो नव्हतो. हातात पक्का कागद पडल्याशिवाय गोष्ट जाहीर करायची नाही, ही माझी जुनी सवय. नेमकी तीच भोवली!

ज्योत्स्नाची थोरली बहीण इंदूबाई तेल्हाऱ्याला असते. तिच्या मुलाचं, स्वप्निलचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. इंदूबाईचा फोन आला. ज्योत्स्ना बहिणीला 'येत नाही' म्हणूच शकली नसती, म्हणून फोन मी घेतला. मास्क काढायचं विसरलो. आवाज पडक्या विहिरीतून आल्यासारखा.

"भाऊजी, जय भीम! परवा साक्षगंध हाय पोराचं, सकाळीच या!"

"जय भीम, बाई. पण आम्ही येऊ शकत नाही. तब्येतीचं प्रकरण आहे."

"काय झालं जी? आवाज काहून असा येऊन राहिला?"

"टेस्ट आहे माझी. मोठी टेस्ट."

"माय वं! कायची टेस्ट?"

"जायच्या आधी करावी लागते, बाई."

इंदूबाईनं आवाज एकदम खाली आणला.

"कुठी... जायच्या आधी?"

मी सफर उघड करावी का नाही, याचा विचार करत एक मोठा सुस्कारा सोडला. नंतर म्हणालो, "ते आता काय सांगू? माधवीची भेट झाली म्हणजे झालं. तेवढीच एक इच्छा आहे."

माझ्या मनात काही वाईट नव्हतं हो! पण हेच वाक्य तुम्ही एकदा मास्क लावून म्हणून बघा!

दोन दिवस गेले. ज्योत्स्ना घुश्श्यात होती. तिनं व्हिडिओवर साक्षगंध पाहिलं आणि फोन ठेवून म्हणाली, "सगळे माह्याकडे असे काहून पाहून राहिले होते, जशी मी विधवाच झाली!" मी म्हणालो, नेटवर्कचा दोष असेल.

रविवारची दुपार. कूलर चालू. अंगावर पांढरी चादर, नाकावर मास्क आणि मी थेट भूमध्य समुद्रावर! काय सांगू तुम्हाला! पाणी असं निळं, की त्यात बोट बुडवलं तर सही करता येईल. जहाज पांढरं, मऊ. मी डेकवर पडलेलो. ज्योत्स्ना कठड्याशी, तिचा पदर वाऱ्यावर. दूर कुठल्यातरी किनाऱ्यावर दिवे लुकलुकतायत. इतक्यात जहाजाचा भोंगा वाजला. लांब, खोल, काळीज हलवणारा. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यात शब्द ऐकू आले.

"भाऊजीऽऽ! असे कसे निघून चालले जीऽऽ!"

डोळे उघडले. इंदूबाई माझ्या छातीवर डोकं ठेवून हंबरडा फोडत होती! तिच्या मागे बायका, बायकांच्या मागे पुरुष आणि दारात स्वप्निल, हातात पेढ्यांचा डबा. साक्षगंधाचं अर्धं वऱ्हाड दोन गाड्या करून तेल्हाऱ्याहून आलं होतं. फाटकावर त्यांनी खुशालरावांना विचारलं होतं, "कसे हायेत?" आणि खुशालरावांनी मान हलवून सांगितलं होतं, "काई खरं नाही. कोणाले भेटू देऊन नाही राहिले. पेपर बी चिमट्यानं धरतेत."

मी ताडकन उठून बसलो. दोन बायका किंचाळल्या.

"मी ठणठणीत आहे!" मी ओरडलो.

"असंच होते," मागून एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला. "विझाच्या आंधी दिवा मोठा होते."

ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून धावत आली. मग दोघी बहिणींची जी जुगलबंदी झाली, ती ऐकायला पाहिजे होती! कोण मरून राहिलं? कोणी सांगतलं? यायनंच सांगतलं! काय सांगतलं? जायच्या आधी टेस्ट हाय म्हने! अवं, युरोपात जायच्या आधी!

'युरोप' म्हणताच रडणं थांबलं, जसा कूलरचा खटका बंद करावा. पुढच्या क्षणी असा जल्लोष झाला, की विचारू नका. इंदूबाईनं मला पुन्हा मिठी मारली, या वेळी आनंदानं. म्हाताऱ्यानं माझे दोन्ही गाल कुरवाळले. पेढे माझ्या तोंडात थेट हातानं भरले गेले, एक नाही, सात-आठ वेगवेगळ्या हातांनी! मास्क? अख्ख्या घरात एकच मास्क होता. तो माझ्या हनुवटीखाली लोंबत होता, पेढ्यानं माखलेला.

आणि स्वप्निल कूलरपुढे बसून शिंकला.

"सर्दी झाली मौसाजी," तो म्हणाला. "रात्रभर नाचलो ना."

मी भिंतीला टेकलो. ज्योत्स्ना मात्र वांग्याची भाजी ढवळताना गुणगुणत होती. कितीतरी दिवसांनी घरात माणसांचा आवाज होता. बायका तिला विचारत होत्या, जहाजावर चूल असते काय, समुद्रात झोप येते काय. आणि ती, जिनं समुद्राचा थेंब पाहिला नव्हता, ती हात हलवून हलवून सांगत होती. तिचा चेहरा पाहून मी गप्प बसलो. कधी कधी आदेश मोडतानाच घर चांगलं दिसतं.

पाहुणे गेल्यावर मी मिठाच्या पाण्याच्या इतक्या गुळण्या केल्या, की माझ्या घशात एक छोटा समुद्रच तयार झाला.

तेवढ्यात कंपनीचा दुसरा मेल. बहात्तर नाही, अठ्ठेचाळीस तास! त्यामागोमाग तिसरा. ती मोठी चाचणी नको, झटपट होणारी चालेल. मात्र डॉक्टरसमोर करावी, अहवाल इंग्रजीत असावा आणि त्यावर पासपोर्टचा नंबर हवा. मी अमरावतीतल्या दोन-तीन ठिकाणी विचारलं. "पासपोर्टचा नंबर? आमच्या कॉम्प्युटरमध्ये तसा रकाना नाही." शेवटी अकोल्याची एक लॅब तयार झाली.

मी योजना आखली. दुपारी अकोल्यात नाक द्यायचं, अहवाल घ्यायचा, संध्याकाळी तिथूनच मुंबईची गाडी पकडायची, पुढे विमान. बार्सिलोना आपल्या साडेतीन तास मागे चालतं. म्हणजे घड्याळसुद्धा माझ्या बाजूनं! मी ज्योत्स्नाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण तिथी गेलो की थोडे जवान होतो काय?" मी हिशेब करून पाहिला. तत्त्वतः बरोबर होतं.

अकोल्याच्या उन्हाबद्दल मी काही बोलणार नाही. अमरावतीचा माणूस अकोल्यात उतरला आणि म्हणाला, "बापरे!" यावरून काय ते समजा. लॅबमध्ये करिश्मा नावाची मुलगी होती. तिनं लांब काडी काढली. डॉक्टर समोर खुर्चीत.

"काका, मान वर करा."

"त्याआधी एक सांगतो. नियम असा आहे, की—"

काडी आत गेली. मी आयुष्यात पुष्कळ चौकशा पाहिल्या, पण इतक्या खोलवर गेलेली एकही नाही! नाकातून निघाली आणि पार लहानपणापर्यंत पोहोचली. मला शाळेतलं पिंपळाचं झाड दिसलं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून अर्धवट नियम. ज्योत्स्नाच्या वेळी मात्र तिनं डोळे मिटले आणि शांत बसून राहिली. नंतर विचारलं, तर म्हणाली, "मी लाटा मोजून राहिली होती."

अर्ध्या तासानं अहवाल आले. निगेटिव्ह! दोघंही निगेटिव्ह! स्वप्निलची शिंक वाया गेली! मी आनंदानं कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे खालून वर वाचत गेलो. नंबर बरोबर. तारीख बरोबर. मग वरच्या ओळीवर आलो.

धर्मपाल खंडारे : स्त्री. ज्योत्स्ना खंडारे : पुरुष.

"हे काय?" मी गरजलो.

करिश्मानं वाकून पाहिलं. "अय्या! उलटं झालं. पण काका, निगेटिव्ह आलं ना? मग काय फरक पडते?"

"काय फरक पडते? मी परदेशात बाई म्हणून उतरू?"

"उतरा ना जी," ज्योत्स्ना म्हणाली. "मी हाय ना तुमच्यासंगं, तुमचा नवरा."

दुरुस्ती करायला वेळ लागला नाही. पण नव्या कागदावर डॉक्टरांची सही हवी, आणि डॉक्टर तोवर जेवून झोपायला घरी गेलेले! आम्ही ऑटो केला. ऑटोवाल्यानं घर शोधायला सगळं अकोला फिरवलं. डॉक्टरांच्या पत्नीनं दार उघडलं आणि सांगितलं, "झोपेतून उठवलं तर ते चिडतात." मी बाहेरच्या पायरीवर बसलो. ज्योत्स्ना आत गेली. दोनच मिनिटांत दोघींच्या बोलण्याचा आवाज आला, तेल्हाऱ्याची कुठलीतरी ओळख निघाली, चहा झाला, आणि डॉक्टर बनियनवर डोळे चोळत बाहेर येऊन सही करून गेले. मला वाटतं, त्यांना अजूनही ते स्वप्नच वाटत असेल.

कागद छातीशी धरून मी पुन्हा ऑटोत बसलो. ऊन उतरलं होतं. स्टेशनचा रस्ता सोनेरी धुळीत बुडालेला. मी विजयी वीर! तेवढ्यात माधवीचा फोन आला.

"बाबा, मेल पाहिला काय? आनंदाची बातमी! नियम बदलला. लस घेतली अशीन तर टेस्टच लागत नाही!"

"रद्द? असं... असं एकाएकी? पूर्वसूचना नाही, काही नाही?"

"बरंच झालं ना बाबा!"

ज्योत्स्नानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या लाल नाकाकडे पाहिलं, आणि हसायला लागली. इतकी हसली, की ऑटोवाल्यानं ऑटो बाजूला घेतला आणि काही न समजता तोही हसू लागला.

तरी मी तो अहवाल सोडला नाही. मुंबईत दाखवला, विमानतळावर दाखवला, बार्सिलोनाच्या धक्क्यावर तर जो गणवेशात दिसेल त्याच्यापुढे धरला. एकानं तो नम्रपणे घेतला, त्यावर कॉफीचा कप ठेवला आणि आमचे पासपोर्ट तपासले. कागदाला गोल डाग पडला. मी बोलणार होतो, तेवढ्यात मागून हाक आली.

"बाबा!"

माधवी. काचेशिवायची माधवी! जरा वाळलेली, केस कापलेले. ती पळत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मी जवळ जाऊन उभा राहिलो, तर दोघींनी मलाही ओढून घेतलं. सुगत बॅगा सांभाळत बाजूला उभा होता आणि विनाकारण आकाशाकडे बघत होता. माझाही चष्मा धुरकटला. समुद्राची हवा खारट असते म्हणतात, तिचा परिणाम.

जहाज सुटलं तेव्हा आम्ही चौघं अगदी वरच्या डेकवर होतो. किनारा अलगद मागे सरकला, जसं झोप लागताना घरातले आवाज मागे सरकतात. मग फक्त पाणी. ज्योत्स्ना कठड्याला धरून उभी होती.

"कसा वाटते आई?" माधवीनं विचारलं.

"जवस फुलल्यासारखा," ती हळूच म्हणाली. "आमच्या बाच्या वावरात जवस फुलला म्हणजे असंच निळं निळं डुलत राहे. पण त्या वावराले धुरा होता. याले धुराच नाही वं माय!"

आम्ही चौघंही त्या बिनबांधाच्या वावराकडे पाहत राहिलो. ऊन मावळलं, पाणी जांभळं झालं. मी मनात म्हणालो, धर्मपाल, संपली तुझी लढाई. आता फक्त डुलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशात खवखव.

विशेष काही नाही. थोडा खोकला. खरं सांगायचं तर अर्धं जहाज खोकत होतं! नाश्त्याच्या टेबलावर एक गोरे आजोबा असे खोकले, की त्यांचं अंडं माझ्या ताटात आलं. कोणाला त्याचं काही नव्हतं. पण मी केबिनमध्ये आलो आणि दारामागे लावलेली सूचना दिसली. अर्थातच खालून वाचली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: खोकला, ताप वगैरे असल्यास प्रवाशानं स्वतःहून जहाजाच्या डॉक्टरांना कळवावं.

"गुमान राहा जी," ज्योत्स्ना म्हणाली. "गरम पानी प्या अन् वर चाला."

"बाबा, इथं कोणी विचारून नाही राहिलं!" माधवी म्हणाली. "तुमी काहून सांगाले जाता?"

"नियम आहे!" मी म्हणालो. आणि गेलो. ताठ मानेनं, आपल्या पायांनी!

डॉक्टर इटलीची होती. तिनं माझ्याकडे अशा आश्चर्यानं पाहिलं, की सूचना वाचून आलेला मी पहिलाच प्रवासी असावा. पुन्हा काडी. पुन्हा पिंपळाचं झाड. मग पट्टीवर एक लाल रेघ उमटली, आणि तिच्या शेजारी, अगदी लाजत लाजत, दुसरी.

बाकी तिघं निगेटिव्ह. मला तळमजल्यावरच्या एका छोट्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. एक पलंग, एक फोन, आणि ताटाएवढी एक गोल खिडकी. पाच दिवस मुक्काम.

फ्रान्सचं मार्सेय बंदर आलं. मला अर्धी क्रेन आणि एक पक्षी दिसला. इटलीचं जिनोव्हा आलं. माझ्या वाट्याला गोदामाची भिंत आणि एक दोरखंड. सारखा दोरखंड पाहून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. पण रोज संध्याकाळी फोन वाजायचा. ज्योत्स्ना वरच्या डेकवरून बोलायची.

"ऐकता काय जी? आता पाणी घासलेल्या तांब्याच्या गुंडासारखं झालं. एक पांढरी होडी चालली. आता ढगाले आग लागल्यासारखी... थांबा, माधवी हात वढून राहिली... हं. डोळे मिटा. मिटले काय? आता डाव्या हाताले डोंगर आहे. त्याच्यावर एकच दिवा लागला. दिसला काय?"

"दिसला," मी म्हणायचो. आणि खरंच दिसायचा! पलंग डुलायचा, अंगात बारीक कणकण असायची, तिचा आवाज वरून झिरपत यायचा. कोण जाणे, वर असतो तर मी नकाशाच वाचत बसलो असतो. ज्या बाईला मी कधी समुद्र दाखवला नाही, ती मला रोज थोडा थोडा समुद्र दाखवत होती. मागून माधवीचं हसू ऐकू यायचं, दोघी मायलेकी कुठल्या तरी गोष्टीवर खिदळायच्या, आणि मला तेवढ्यानं तरतरी यायची.

पाचव्या दिवशी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारापाशी उभा राहिलो. डॉक्टर आली. मास्कच्या वर तिचे डोळे फार दयाळू होते.

"मिस्टर खंडारे, माफ करा. नियम बदललाय. आजपासून पाच नाही, सात दिवस."

मी शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावला. नियम होता!

सुटलो तो थेट बार्सिलोनाला, सगळे उतरले तेव्हा. त्याच संध्याकाळी आमचं परतीचं विमान. दुपारभर विमानतळाच्या बाकावर माधवी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मध्येच तिला डुलकी लागली. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी तो हलवला नाही. मला विचाराल, तर त्या सफरीत मी सगळ्यात जास्त पाहिलं ते त्या बाकावर बसून.

अमरावतीला परतलो, तर घर माणसांनी भरून गेलं. इंदूबाई तेल्हाऱ्याहून मुद्दाम आली, खुशालराव पेपर बाजूला ठेवून बसले. ज्योत्स्ना सांगत होती आणि सगळे तोंड उघडे टाकून ऐकत होते. नेपल्सच्या गल्ल्या, डोंगरातून निघणारा धूर, रंगीत घरं, एका इटालियन बाईनं तिच्या नऊवारीला लावलेला हात. मीही ऐकत होतो. मला तर सगळं नवीनच होतं!

चहाचा दुसरा फेरा झाला. तेव्हा कुठे खुशालरावांना माझी आठवण झाली. ते माझ्याकडे वळले.

"साहेब, वहिनीचं झालं. आता तुमी सांगा, तुमाले कसा वाटला युरोप?"

ज्योत्स्नानं तोंडाला पदर लावला. मी चष्मा कपाळावर चढवला, घसा खाकरला, बराच विचार केला आणि जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच प्रामाणिकपणे सांगितलं.

"गोल आहे."